आदेश साठ दिवसांचा, तोंडबंदी कायमची? गोपनीय सरकारी आदेशांवर चर्चा

मांजराकाठ

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार इंटरनेट कंपनीला सांगू शकतं की अमुक ग्राहकाचा डेटा आम्हाला बघू द्या. कलम ६९अ खाली सांगू शकतं की अमुक पान, अमुक खातं बंद करा. दोन्हीकडे आदेश ज्याच्या हातात पडला त्यानं त्याबद्दल कुठं बोलायचं नाही. पाळतीच्या २००९ च्या नियमांत ही अट नियम २५ मध्ये आहे, ब्लॉकिंगच्या २००९ च्याच नियमांत नियम १६ मध्ये. मूळ आदेश पाळला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद.

गुप्तता ठेवायला माझी हरकत नाही. तिला शेवट नाही, याला आहे. पाळतीचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त ६० दिवसांचा, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवस. पाळत थांबली की कंपनीनं त्या आदेशाची कागदपत्रं दोन महिन्यांत नष्ट करायची, आणि तेही गुपचूप. तपास किंवा खटला चालू असेल तेवढाच अपवाद. म्हणजे आदेश संपला, कागद गेला, पण बोलायची बंदी उठते कधी हे नियमांत कुठंच नाही. ज्याच्यावर पाळत होती त्याला नंतर कळवायचीही तरतूद नाही. खटला उभा राहिला आणि ते संभाषण पुरावा म्हणून पुढं आलं तरच त्याला पत्ता लागतो. काहीच निघालं नाही, माणूस निर्दोष होता, तर त्याला आयुष्यभर कळणार नाही. निर्दोष माणसालाच अंधारात ठेवणारी ही रचना मला उलटी वाटते.

मागणी साधी आहे. प्रत्येक आदेशावर गोपनीयतेची शेवटची तारीख असावी. ती वाढवायची असेल तर कारण लिहून वाढवावी.

पंचनामा

कागदावर छान दिसतंय. आता तालुक्याच्या गावात बघा. ब्रॉडबँड देणारे चार जण, त्यांच्याकडं काम करणारी पोरं पंधरा-वीस, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचंय तो यांच्यातल्याच कुणाच्या तरी वर्गातला नाहीतर भावकीतला. अशा ठिकाणी आदेश आलाय एवढंच बाहेर फुटलं तरी तपास संपला. आदेशात काय लिहिलंय हे कळायचीसुद्धा गरज नाही. त्याच संध्याकाळी सिम बदलतं, फोन विहिरीत जातो.

"नंतर सांगा" म्हणणाऱ्यांनी टोळीचा तपास कसा चालतो ते लक्षात घ्यावं. पहिल्या माणसावरची पाळत १८० दिवसांत संपते, पण त्याच्यावरून दुसरा कळलेला असतो, दुसऱ्यावरून तिसरा. पहिल्याला "तुझ्यावर जानेवारी ते जून पाळत होती" असं पत्र गेलं की तिसरा सावध. शेवटची तारीख आदेश काढतानाच कशी घालणार?

आणि ही गुप्तता म्हणजे मोकाट सोडलेला बैल नाही. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरच्या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंच टेलिफोन टॅपिंगची चौकट घालून दिली: गृह सचिवांची सही, दोन महिन्यांची मुदत, सहा महिन्यांची कमाल मर्यादा, पुनर्विलोकन समिती. ती पुढं तार नियमांत नियम ४१९अ म्हणून आली. पोलीस निरीक्षक स्वतःच्या मर्जीनं कुणाचा फोन ऐकू शकत नाही.

वकिली चष्मा

एक दुरुस्ती, म्हणजे पुढची चर्चा जुन्या कायद्यावर जायला नको. ४१९अ आता चालू नाही. फोन आणि मेसेजसाठी दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. संगणकातल्या माहितीसाठी मात्र मांजराकाठ म्हणतात ते २००९ चे नियमच चालू आहेत. तातडीच्या प्रसंगी गृह सचिवांआधी वरिष्ठ पोलीस अधिकारी आदेश देऊ शकतो, पण सात कामकाजी दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आली नाही तर तो आदेश गळून पडतो. ही सात दिवसांची खिडकीच गैरवापराला सोयीची आहे, पण तो वेगळा धागा होईल.

फायबरवाला

तुम्ही सगळे तत्त्वावर बोलायलेत. छोट्या ऑपरेटरकडं खरं काय होतं ते सांगतो, कारण लातूर, बीड, हिंगोलीकडं अर्ध्या लोकांना हे माहीतच नाही.

"गोपनीय" शिक्का असलेलं प्रत्येक पत्र कलम ६९ चं नसतं. दहांतली बहुतेक पत्रं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची असतात (पूर्वीचं सीआरपीसी ९१): अमुक वेळेला अमुक आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) कुणाकडं होता, लॉग म्हणजे नोंदी द्या. त्या कलमात बोलायची बंदी नाही. पाळतीचा आदेश असेल तर राज्याच्या किंवा केंद्राच्या गृह सचिवाची सही पाहिजे. सोबत तपास यंत्रणेच्या नोडल (या कामासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याचं मागणीपत्र पाहिजे, आणि हा अधिकारी पोलीस अधीक्षक किंवा अपर अधीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही. घेऊन येणारा किमान निरीक्षक. आदेशात कारण, मुदत, कुणाला माहिती द्यायची त्याचं पदनाम. मिळाल्यावर दोन तासांत पोच द्यायची, नेमलेल्या एकाच अधिकाऱ्यानं तो हाताळायचा, नोंदवहीत घ्यायचा, आणि दर १५ दिवसांनी चालू आदेशांची यादी यंत्रणेकडं पाठवून खरेपणा तपासून घ्यायचा. यादीची ही अट बनावट आदेश पकडण्यासाठीच आहे, आणि नेमकी तीच कुणी पाळत नाही. फ्रँचायझीवर चालणाऱ्यानं तर स्वतः काहीच करू नये. परवाना ज्याचा, त्याच्या नोडल अधिकाऱ्याकडं पत्र ढकलायचं.

आता चूक कुठं होते बगा. छोट्या ऑपरेटरकडं आयपी पत्ते कमी, म्हणून एकाच सार्वजनिक आयपीमागं पन्नास-शंभर घरं असतात. पत्रात नुसता आयपी आणि वेळ दिली, सोर्स पोर्ट (एकाच आयपीमागची जोडणी ओळखायचा क्रमांक) दिला नाही, तर नेमकं घर सांगताच येत नाही. दुसरं, परदेशी कंपनीकडून आलेली वेळ बहुतेकदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली वेळ साडेपाच तास पुढं. पत्रात कुणी ते लिहीत नाही. रात्री ९ ला यूटीसी म्हणजे आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे अडीच. तारीखच बदलते. ऑपरेटर रात्री ९ चा लॉग काढतो आणि भलत्याच घराचं नाव देतो.

हे टाळायला एक फोन पुरे असतो: "साहेब, पोर्ट नंबर द्या, वेळ कोणती ते सांगा." पण वर लाल शिक्का "अत्यंत गोपनीय", आणि ऑपरेटर घाबरलेला. वरच्या कंपनीच्या इंजिनिअरला विचारत नाही, वकिलाला दाखवत नाही, चुपचाप जे सुचलं ते देऊन मोकळा होतो. गुप्ततेचा सगळ्यात मोठा तोटा मला हा दिसतो. चुकीची माहिती दुरुस्त व्हायची वाटच बंद होते.

पंचनामा

फायबरवाले, पोर्ट आणि वेळेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. चांगला तपास अधिकारी स्वतःहून पोर्ट देतो. पण "कलम ९४ मध्ये बोलायची बंदी नाही" असं उघड्यावर लिहू नका. कुणी ते वाचून ग्राहकाला जाऊन सांगेल, तो मोबाईल फोडेल, आणि सांगणाऱ्यावर न्याय संहितेचं कलम २३८ लागेल, पुरावा नाहीसा करायला हातभार लावला म्हणून. बंदी लिहिलेली नसली तरी परिणाम आहेत.

फायबरवाला

ग्राहकाला सांगा असं मी कुठं म्हणालो? वकिलाला आणि इंजिनिअरला विचारता आलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. २००९ च्या नियमांत "वकिलाचा सल्ला घेता येईल" असं एक वाक्य नाही. काहून नाही?

रोखपाल

बँकेच्या बाजूनं थोडं, कारण आमच्याकडं याच्या उलट गोंधळ आहे. मराठवाड्यात नागरी सहकारी बँका, मल्टिस्टेट यांचं जाळं मोठं आहे आणि शाखेत बसणारा माणूस दोन गोष्टी एकत्र करतो.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली संशयास्पद व्यवहाराचा अहवाल एफआययूकडं, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडं जातो. तो गेल्याचं ग्राहकाला सांगायचं नाही, कधीच नाही. ही तोंडबंदी कायमची आहे आणि ती असलीच पाहिजे. अहवाल म्हणजे आरोप नव्हे. शंभरातले बरेच अहवाल पुढं काहीच होत नाहीत. ग्राहकाला सांगायला लागलो तर निम्मे मॅनेजर भीतीपोटी अहवालच पाठवणार नाहीत. तूर-सोयाबीनच्या हंगामात आडत्याच्या खात्यात महिन्याला दहा लाखांच्या वर रोख फिरते, तिचा रोख व्यवहार अहवाल आपोआप जातो, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

पण लक्षात ठेवा, नुसता संशय अहवाल गेला म्हणून खातं अडवायचं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत ते स्पष्ट आहे. खातं गोठलंय याचा अर्थ बहुतेकदा पोलिसांचं पत्र आलंय, १९३० या हेल्पलाइनवरच्या सायबर तक्रारीतून, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. त्या जप्तीची खबर दंडाधिकाऱ्याला लगेच द्यावी लागते. ती गुप्त नाही. तरी शाखेत "वरून आदेश आहे, सांगता येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. ग्राहकानं लेखी मागावं: कोणत्या राज्याचं, कोणतं पोलीस ठाणं, तक्रार क्रमांक, अडवलेली रक्कम. ही चार माहिती देण्यात कसलाही भंग होत नाही.

थोडक्यात, मांजराकाठ भाऊंची शेवटच्या तारखेची मागणी आमच्याकडं लावली तर मी विरोधात.

देवगिरी

गुप्ततेची सवय सरकारला कशी लागते त्याचा एक दाखला. आणीबाणीत मिसा कायद्यात कलम १६अ घातलं. त्यात स्थानबद्धतेची कारणं गोपनीय ठरवली आणि ज्याला आत टाकलं त्यालाही ती मागायचा हक्क ठेवला नाही. सेन्सॉरच्या सूचनांत अग्रलेखाची जागा कोरी सोडायलाही मनाई होती, कारण कोऱ्या जागेवरून वाचकाला सेन्सॉर कळतो. बंदी आहे हेच दिसू द्यायचं नाही, ही ती पायरी. निजामाच्या राजवटीत सभांवर बंधन घालणारी गश्ती (परिपत्रक) ५३ होती. जुलमीच होती, पण तिला नंबर होता आणि प्रत्येकाला तो पाठ होता. त्यामुळं तिच्याविरुद्ध बोलता तरी आलं. नियम १६ मला गश्तीपेक्षा कोऱ्या जागेच्या मनाईजवळ वाटतो.

पंचनामा

आणीबाणी आणली की चर्चा संपते, म्हणून लोक आणतात. मिसा आणीबाणीनंतर रद्द झाला. आज त्याच न्यायालयांत या आदेशांना आव्हान देता येतं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विनीत कुमार विरुद्ध सीबीआय प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. तेच न्यायालय औरंगाबाद खंडपीठातही बसतं. व्यवस्था काम करते.

मांजराकाठ

व्यवस्था तेव्हा काम करते जेव्हा माणसाला कळतं. त्या प्रकरणात सीबीआयचा खटला होता म्हणून आदेश हाती लागले. खटला नसता तर आव्हान कशाला देणार?

पुनर्विलोकन समितीचं म्हणाल तर हिशोब करू. माहिती अधिकारात केंद्रीय गृह मंत्रालयानं पूर्वी उत्तर दिलं होतं की महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० फोन टॅपिंग आदेश निघतात. समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. म्हणजे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश. हे गणित माझं नाही, न्या. श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात हेच आकडे देऊन हे काम अवास्तव म्हटलंय. दिवसभर बसले, आठ तास, पाणी प्यायलाही उठले नाहीत तरी एका आदेशाला दोन सेकंदसुद्धा येत नाहीत. समितीत सगळे सचिवच, न्यायाधीश एकही नाही.

शिवाय हा आकडा बाहेर आला म्हणून देशाचं काय बिघडलं?

पंचनामा

देशाचा आकडा वेगळा, गावातल्या ऑपरेटरचा वेगळा. तीनशे जोडण्यांच्या कंपनीनं "यंदा एक आदेश आला" असं छापलं तर गावात तो कुणाचा हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

समितीत निवृत्त न्यायाधीश घ्या, माझी हरकत नाही. उलट तीच खरी दुरुस्ती आहे. तपासणारा डोळा मजबूत करा. तोंड उघडायला सांगू नका.

वकिली चष्मा

छोट्या ऑपरेटरच्या आकड्याचा मुद्दा बिनतोड आहे, आणि त्यावर अमेरिकेत तोडगा निघालेला आहे. तिथं एफबीआय न्यायालयात न जाता कंपनीकडं ग्राहकाची माहिती मागणारं नॅशनल सिक्युरिटी लेटर पाठवते, सोबत तोंडबंदी. २०१५ च्या फ्रीडम कायद्यानंतर कंपन्यांना नेमका आकडा नाही, पण पट्टा सांगता येतो: सहामाहीत ० ते ४९९, किंवा एकत्रित मोजून ० ते २४९ वगैरे. शून्यालाही त्याच पट्ट्यात बसवलंय, त्यामुळं लहान कंपनीचं एकुलतं एक पत्र झाकलं जातं. वकिलाशी बोलायची मुभा २००६ पासून कायद्यात लिहिलेली आहे. तपास सुरू झाल्यापासून तीन वर्षांनी आणि तपास बंद होताना एफबीआयनं बंदीची गरज पुन्हा तपासायची. पत्र घेणाऱ्यानं हरकत घेतली तर बंदी का हवी हे न्यायालयात सरकारनं सांगायचं.

हे आपसूक मिळालं नाही. निकोलस मेरिल या छोट्या इंटरनेट सेवादाराला २००४ मध्ये पत्र आलं. २००६ मध्ये एफबीआयनं माहितीची मागणीच सोडून दिली, तरी बंदी कायम. २०१० मध्ये स्वतःचं नाव सांगता आलं, पत्रात काय मागितलं होतं ते २०१५ मध्ये. मागणी मागं घेतल्यावर नऊ वर्षं कोणता तपास झाकायचा होता, पंचनामा साहेब?

इंग्लंडमध्ये ताजं उदाहरण ॲपलचं. तिथल्या २०१६ च्या कायद्याखाली मिळालेल्या नोटिशीवर कंपनीला बोलता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलनं तिथल्या ग्राहकांसाठी आयक्लाउडची जास्तीची सुरक्षा काढून घेतली, कारण मात्र धड सांगता येईना. सुनावणीच पूर्ण गुप्त ठेवा ही सरकारची मागणी तिथल्या न्यायाधिकरणानं एप्रिलमध्ये नाकारली. खटला आहे, पक्षकार कोण, एवढं जाहीर झालं. तपशील झाकलेलाच राहिला. अस्तित्व आणि तपशील वेगळे करता येतात, ते असे.

आता आपल्याकडचं. ब्लॉकिंग आणि पाळत यांना एकाच मापानं मोजू नका. पाळत उघड झाली तर निकामी होते, हे पटतं. पण बंद केलेलं पान बंद झालेलं सगळ्यांना दिसतंच! मग आदेश का लपवायचा? श्रेया सिंघल निकालात २०१५ मध्ये कलम ६९अ टिकलं, पण लेखी कारणं असतात आणि उच्च न्यायालयात रिट याचिकेनं आव्हान देता येतं या आधारावर. ती कारणं नियम १६ दाखवून मूळ लेखकाला देत नाहीत. नियम ८ ची नोटीस कंपनीला गेली की सरकारचं काम भागतं, कंपनी लेखकाला सांगत नाही. २०१८ मध्ये हुंड्यावरचं एक उपहासात्मक संकेतस्थळ असंच बंद झालं. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितल्यावर कुठं चालवणाऱ्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी मिळायची वाट खुली झाली. नियम १६ ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आहे, मार्च २०२५ मध्ये त्यावर नोटीस निघाली.

उलट इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करावेच लागतात, हे २०२० च्या अनुराधा भसीन निकालापासून ठरलंय. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला बीडमध्ये इंटरनेट बंद झालं तेव्हाही हाच नियम लागू होता. अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करणारा आदेश उघड, आणि एका माणसाचं पान बंद करणारा गुप्त. याचं समर्थन कुणी करून दाखवावं.

पंचनामा

ब्लॉकिंगपुरतं मान्य करतो. लेखक ओळखता येत असेल तर त्याला प्रत द्यावी. पण एक अट: दंगल पेटवणारा व्हिडिओ असेल तर आधी बंद, प्रत नंतर. नियम ९ ची तातडीची वाट आहेच, ४८ तासांत समितीपुढं न्यावं लागतं. आणि आदेशांची जाहीर यादी नको. ती यादी म्हणजे काय काय बघायचं त्याची सूचीच होते.

मेरिलचं नऊ वर्षांचं समर्थन मी करणार नाही. पण पाळतीबाबत माझं मत बदललेलं नाही. तीन वर्षांनी फेरतपासणी चालेल, आपोआप उठणारी तारीख चालणार नाही.

देवगिरी

फेरतपासणी करणार कोण? तीच दोन सेकंदांची समिती?

रोखपाल

आणि एफआययूच्या अहवालाला यातून बाहेर ठेवा, हे पुन्हा सांगतो.

मांजराकाठ

रोखपाल साहेबांचा मुद्दा घेतो. तिथं बँक स्वतःहून कळवते, सरकारचा आदेश नसतो. धाग्याचा विषय आदेशापुरता.

तीन वर्षांची फेरतपासणी मला कमी वाटते. आदेश १८० दिवसांत संपतो तर एक वर्ष पुरे. सध्या आपल्या हातात काय आहे ते लिहितो. माहिती अधिकारात "माझा फोन टॅप होतो का" असं विचारू नका, देशाच्या सुरक्षेचं कलम ८(१)(अ) दाखवून परत येतं. मंत्रालयात गृह विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडं फक्त आकडे मागा: मागच्या वर्षात पुनर्विलोकन समितीच्या बैठका किती, पुढं ठेवलेले आदेश किती, रद्द केलेले किती. महाराष्ट्राच्या नियमानं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कलम १० चा उल्लेख करा, म्हणजे काही भाग गोपनीय असला तरी उरलेला वेगळा काढून द्यावा लागतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. नाकारताना "तपासाला बाधा" एवढंच लिहिलं असेल तर भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त हा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल जोडा. बाधा कशी येते हे अधिकाऱ्यानं दाखवावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही.

पंचनामा

"रद्द केलेले किती" हा प्रश्न पहिल्याच अर्जात घालू नका. बैठका किती झाल्या तेवढंच विचारा. त्याला नकार द्यायला कारण सापडत नाही. ते उत्तर हातात आलं की दुसरा अर्ज.

फायबरवाला

पाळतीचा आदेश देणारा विभाग आणि समितीचं काम बघणारं टेबल वेगळं असू शकतं. समिती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते. अर्जात "हा विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असल्यास कलम ६(३) नुसार पाच दिवसांत हस्तांतरित करावा" ही ओळ टाका, नाहीतर महिनाभरानं "आमच्याशी संबंधित नाही" एवढंच पत्र येईल.